सावलीतली रोपं उन्हातल्यांपेक्षा भराभर वाढतात! (मोजून सांगतेय)

नवी_माळीण
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

"रोपांना ऊन हवं, ऊन हवं" हे इथे इतक्यांदा वाचलं की म्हटलं एकदा स्वतःच करून बघू. टोमॅटोच्या बिया, एकाच पाकिटातल्या. माती तीच, ट्रेही एकसारखे. एक ट्रे उघड्यावर उन्हात ठेवला, दुसरा अभ्यासाच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर. सोळाव्या दिवशी पट्टी लावून मोजलं. उन्हातली रोपं ६ सेंमी, कपाटावरची १४ सेंमी! दुपटीहून जास्त. रंग थोडा लोण्यासारखा आहे, पण कोवळेपणामुळे असेल.

तर माझं मत असं की लहान रोपांना उन्हाचा त्रासच होतो, सावलीत ती सुखाने वाढतात. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक छोटी शंका. परवापासून कपाटावरची तीन-चार रोपं आडवी झाली आहेत. दोनदा पातळ खत दिलं. आणखी कुठलं देऊ? उजेड कमी नाही, त्या खोलीत दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येतं.

आळशी_माळी
पुस्तक तुम्ही वाचता. रोपं वाचत नाहीत.

गवतफुला
आळशी_माळी, पहिलाच धागा आहे त्यांचा, जरा हळू. :)
नवी_माळीण, स्वागत. तुमची रोपं सुखाने वाढत नाहीयेत, घाबरून पळतायत. बाकी जाणकार सांगतीलच.

खुरपं
खत ताबडतोब बंद करा. आधी हे, मग बाकीचं.

१४ सेंमी उंची दिसली, पण खोडाची जाडी बघितलीत का? चिमटीत धरा, शिवणाच्या दोऱ्याएवढं असेल. दोन पेरांमधलं अंतर बघा, पानांचा आकार बघा. उन्हातल्या रोपाचं पान मोठं आणि गर्द निघेल, कपाटावरच्याचं चिमुकलं आणि पिवळट. उजेड न मिळालेलं रोप असंच होतं: लांब, लुकडं, फिकं आणि पुढे आडवं. इंग्रजीत याला इटिओलेशन म्हणतात.

भुकेलं म्हणून खत घालावं असं कुणालाही वाटतं. पण खत म्हणजे झाडाचं अन्न नव्हे, अन्न ते उजेडात स्वतः तयार करतं. चूल पेटलेली नसताना मीठमसाला ओतत राहण्यासारखं आहे ते. उलट नत्र मिळालं की खोड आणखी लिबलिबीत होतं.

नवी_माळीण
@खुरपं, आत्ता जाऊन बघितलं. खोड खरंच दोऱ्यासारखं आहे. पानंही बारकी. :(
पण मग उंची आली कुठून? अन्नच मिळत नाही तर वाढली कशी?

प्रतिवाद
चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर "ऊन हवं ऊन हवं" म्हणणाऱ्यांपैकी कुणीही देत नाही. उंची दुप्पट झाली हे सत्य आहे ना? मग वाढ झालीच की. धागाकर्तीचं निरीक्षण उडवून लावू नका.

तराजू
वाढ कशाला म्हणायचं त्यावर अवलंबून आहे. मी हा उद्योग मागे केला होता, वहीतून आकडे काढून देतो.

माझ्याकडे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आहे. मुगाचे १००-१०० दाणे मोजून तीन ढीग केले, प्रत्येकी ४.२ ग्रॅम. पहिला ढीग तसाच वाळवून घेतला, वजन हलेनासं झालं तेव्हा ३.८ ग्रॅम भरलं. म्हणजे दाण्यातलं पाणी वगळून खरा माल एवढा. दुसरा ढीग धुतलेल्या वाळूत, कपाटात पूर्ण अंधारात. तिसरा तशाच वाळूत, उन्हात. दहा दिवसांनी मुळांसकट उपटले, वाळू धुतली, वाळवले, वजन केलं.

अंधारातली रोपं सरासरी २६ सेंमी उंच, वजन २.६ ग्रॅम.
उन्हातली सरासरी ११ सेंमी, वजन ४.५ ग्रॅम.

म्हणजे अंधारातली दुपटीहून उंच रोपं मूळ दाण्यांपेक्षाही हलकी निघाली! गेलेला १.२ ग्रॅम माल श्वसनात जळाला. जी उंची दिसते ती बहुतांशी पाण्याने ताणलेल्या पेशींची. पेशींची संख्या फारशी वाढत नाही, एकेक पेशी लांब होते. घरातलं सगळं विकून उंच शिडी घेतल्यासारखा प्रकार.

प्रतिवाद
आकडे पटले. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये हे माझं म्हणणं मात्र कायम.

तराजू
तीनदा केलाय. बाकी दोन वेळचे आकडेही देऊ का?

प्रतिवाद
नको. :)

आळशी_माळी
तराजूभाऊ, मूग मोजायला किती वेळ लागला ते पण सांगा. माझ्याकडे तेवढा नाही म्हणून विचारतोय.

बीजपत्र
सविस्तर लिहिते, कारण इथे रोपावर "आजारी" असा शिक्का बसतोय आणि ते मला खटकतंय. (शिकवण्याचा पेशा आहे, लांबण लागली तर माफ करा.)

बी जमिनीत असते. तिथे मिट्ट अंधार. वरती माती एक सेंमी आहे की पाच, हे तिला माहीत नाही. जवळ पुंजी फक्त दाण्यातली. अशा वेळी पानं पसरण्यात काय अर्थ? मातीत पसरलेलं पान फाटणार. हिरवा रंग बनवण्यात काय अर्थ? उजेडच नाही. म्हणून ती सगळी पुंजी एकाच कामाला लावते: खोड लांब कर आणि वर नीघ. शेंडा खाली वळवून छत्रीच्या मुठीसारखा आकडा करते, म्हणजे मातीला घासतो तो आकड्याचा बाक, आतला कोवळा शेंडा वाचतो. पानं मिटलेली, पिवळी. अंधारातल्या अंकुरासाठी याच्याइतका शहाणा बेत दुसरा नाही.

आता कपाटावरच्या टोमॅटोला कुठे ठाऊक की आपण खोलीत आहोत? उजेड पुरेसा नाही एवढंच कळतं. मग ते तोच जुना बेत चालवतं, अजून थोडं वर गेलं की सापडेल. मातीत एक-दोन इंचांवर उजेड सापडतो. खोलीत तो सापडत नाही आणि पुंजी संपते. "आजार" म्हणायचाच तर चुकीच्या जागी लावलेल्या बरोबर हिशेबाचा आहे.

पिवळा का, तर कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्यं अंधारातही तयार होतात. हरितद्रव्य मात्र होत नाही. फुलझाडांमध्ये ते बनवण्याची शेवटून दुसरी पायरी अशी आहे की तिथलं वितंचक (एन्झाइम) प्रकाश पडल्याशिवाय कामच करत नाही. आधीचा कच्चा माल, प्रोटोक्लोरोफिलाइड, तयार करून ठेवलेला असतो. प्रकाश पडला की तो साठा क्षणात पुढे सरकतो, आणि काही तासांत पान डोळ्यांदेखत हिरवं व्हायला लागतं.

खुरपं
@बीजपत्र, झकास! "चुकीच्या जागी लावलेला बरोबर हिशेब" वहीत लिहून घेतलं.

गवतफुला
बीजपत्रताई, एक शंका. "फुलझाडांमध्ये" असं मुद्दाम म्हणालात का? बाकीच्यांत वेगळं असतं?

बीजपत्र
बरोबर पकडलंत. पाइन, स्प्रूस यांची रोपं पूर्ण अंधारात उगवली तरी त्यांची बीजपत्रं (बीतून निघणारी पहिली पानं) हिरवी होतात. त्यांच्याकडे ती पायरी अंधारात पार पाडणारं दुसरं वितंचक आहे, बऱ्याच शेवाळांकडेही आहे. फुलझाडांनी ते वाटेत कुठेतरी गमावलं.

निवडुंग_नको
एक तांत्रिक हरकत. नवी_माळीण यांच्या रोपांना इटिओलेशन म्हणणं काटेकोरपणे बरोबर नाही. खरं इटिओलेशन पूर्ण अंधारातलं. त्यांची रोपं अपुऱ्या उजेडातली आहेत, थोडं तरी हरितद्रव्य आहे, आकडाही सुटला असणार. हे दोन्ही एकाच रांगेत असले तरी एकाच खुर्चीत नाहीत.

आळशी_माळी
मराठीत काय म्हणायचं मग? काडीपैलवान रोग?

गवतफुला
हाहाहा, काडीपैलवान! हाच शब्द रूढ करूया.

शब्दवेडा
"पांडुरता" कसा वाटतो? पांडुर म्हणजे फिकट. ऐकायला छान आहे.

खुरपं
त्यात लांबी येत नाही. फिकं तर लोह कमी पडलेलं झाडही असतं.

शब्दवेडा
हं. मग "उंचाडा"? रोप उंचाडलं, उंचाडलेलं खोड...

निवडुंग_नको
शब्दांचा वेगळा धागा काढा, इथे रोपं मरतायत.

कुंडीत_कुंडी
खुरपं यांचा लोहाचा मुद्दा पुढे नेतो, कारण मी स्वतः त्यात फसलोय. पान पिवळं दिसलं की लोक एकदम उजेडावर उडी मारतात, तेही चूक.

लोह कमी पडलं तर नवी, शेंड्याकडची पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी, कारण झाड त्यांतलं नत्र काढून वर पाठवतं. पाणी जास्त झालं तर पिवळेपणाबरोबर माती कुबट वास मारते. या तिन्हींत खोड अवाजवी लांब होत नाही. उजेड कमी असेल तर पेरांमधलं अंतर वाढतं, पानं छोटी राहतात आणि झाड एका बाजूला झुकतं. झुकाव ही सगळ्यात सोपी खूण. झाड बोट दाखवून सांगतं, तिकडे उजेड आहे म्हणून.

गोगलगाय
झुकावावरून आठवलं. १८८० च्या सुमारास चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले होते. कोंबाच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली की कोंब उजेडाकडे वळेना. खालचा भाग झाकला आणि टोक उघडं ठेवलं तर वळे. बघतं टोक आणि वाकतो खालचा भाग. मग टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असणार. तो निरोप पुढे ऑक्झिन नावाचं संप्रेरक म्हणून सापडला.

आळशी_माळी
टोपी घालणाऱ्याच्या चिकाटीला सलाम. मूग मोजणाऱ्यालाही.

प्रतिवाद
मला अजून एक पटत नाही. घनदाट जंगलात जमिनीवर कितीतरी झाडं उजेडाविना मजेत असतात. ती का नाही उंचाडत? (शब्दवेडा, तुमचा शब्द वापरला.)

बीजपत्र
दोन स्वभाव आहेत. एक उघड्या माळावरच्यांचा: टोमॅटो, सूर्यफूल, बहुतेक भाज्या. यांना सावली म्हणजे संकट, धावत सुटतात. दुसरा जंगलाच्या तळाशी जन्मलेल्यांचा. त्यांना माहीत असतं की वीस-तीस मीटर उंच झाडांशी शर्यत लावण्यात राम नाही. ती उंची वाढवत नाहीत, रुंद आणि पातळ पानं करतात, हळू श्वास घेतात, कमी खर्चात राहतात. घरात टिकणारी बहुतेक शोभेची झाडं यांतलीच.

अजून एक गंमत आहे. झाडाला "उजेड कमी" एवढंच नाही, "कुणाची सावली" हेही कळतं. पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण त्याच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश (सुमारे ७३० नॅनोमीटर, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो) पलीकडे जाऊ देतो किंवा परतवतं. उघड्या उन्हात लाल आणि अतिलाल यांचं प्रमाण साधारण १.२ असतं, दाट पानांखाली ते ०.१ च्या आसपास उतरतं. झाडात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, त्याची दोन रूपं लाल-अतिलालच्या खेळावर अदलाबदल होतात. अतिलाल वाढला की झाड समजतं, शेजारी कुणीतरी पानवाला उभा आहे, पळा वर. प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच, नुसत्या बाजूने आलेल्या परतीच्या उजेडावरून कळतं.

कुंडीत_कुंडी
म्हणूनच दाट पेरलेल्या ट्रेमधली रोपं उन्हात ठेवूनही लांबतात! आणि मी बियाणं विकणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

बीजपत्र
हो, अगदी तेच. आणि "पलीकडे जाऊ देतो" नव्हे, "जाऊ देतं". टंकनचूक.

गोगलगाय
फायटोक्रोमची गोष्ट मलाही फार आवडते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या शेती संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि मंडळी लेट्यूसच्या बियांवर काम करत होती. लाल प्रकाश दिला की बिया रुजत, लगेच अतिलाल दिला की थांबत. लाल, अतिलाल, लाल, अतिलाल असं कितीही वेळा आलटून पालटून करा, शेवटचा झोत कुठला त्यावर निकाल. १९५२ मध्ये त्यांनी हे मांडलं, १९५९ मध्ये ते रंगद्रव्य प्रत्यक्ष सापडलं. दिव्याच्या बटणासारखं साधं.

वाकडी_फांदी
अवांतर होईल, पण काडीपैलवान रोग खरोखरच आहे! भाताच्या रोपांचा एक बुरशीजन्य रोग. रोपं उन्हात असूनही फिकी, लांबलचक होतात आणि कोसळतात. जपानी भाषेतल्या त्याच्या नावाचा, बाकानाए, अर्थच "वेडगळ रोप" असा. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी नसली, तिचा नुसता गाळलेला द्रव दिला तरी रोपं तशीच उंच होतात. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन नाव दिलं. पुढे कळलं की झाडं स्वतःच जिबरेलिन बनवतात, आणि अंधारात खोड ताणायला त्याचाही हात असतो. म्हणजे झाडाच्याच घरची किल्ली बुरशीने बनवून घेतलेली.

निवडुंग_नको
हे अवांतर चालेल.

वाकडी_फांदी
परवानगीबद्दल आभारी आहे, साहेब.

अंधारकोठी
कपाटात विसरलेल्या बटाट्याचा कोंब पाहिलाय का कुणी? माझ्याकडे एक बटाटा खोक्याच्या तळाशी राहिला होता. कोंब निघाला तो पांढराफटक, जांभळट टोकाचा, आणि खोक्याला एका कडेला बारीक भोक होतं तिकडे निघालेला. वाटेत दुसऱ्या वस्तूला वळसा घालून गेला होता. हात लावला तर कट्कन मोडला, आत नुसतं पाणी.

गंमत म्हणजे तोच बटाटा उजेडात ठेवा, हिरवा होतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही, पण त्याच उजेडात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं. म्हणून बटाटा अंधारातच ठेवावा आणि रोप उजेडात.

लांबी_रुंदी
काही ठिकाणी हे मुद्दामही करतात. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या भाजीचे गड्डे आधी दोन वर्षं उघड्यावर वाढवतात, पुंजी साठू देतात, मग काळोख्या उबदार छपरांत आणतात. तिथे देठ लांब, गुलाबी, कोवळे येतात आणि पानं चिमुकली पिवळी. काढणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात. शतावरीच्या जातीतल्या पांढऱ्या कोंबांवर माती चढवतात तेही यासाठीच. पण मेख अशी की आधी साठवलेली पुंजी दांडगी असते. टोमॅटोच्या बीमध्ये ती किती? चिमूटभरही नाही.

नवी_माळीण
बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. मान्य, माझं मत मागे घेते. शीर्षक बदलता येत नाहीये, राहू दे, लाज म्हणून.

पण उजेडाचं मला अजून कळत नाही. खोली खरंच उजळ आहे. मी काही अंधारात बसत नाही हो.

तराजू
डोळा हा फार वाईट मीटर आहे. बाहुली लहान-मोठी होते, पडदा जुळवून घेतो, आणि दहापट फरक आपल्याला "जरासा" वाटतो. भर दुपारचं उघडं ऊन साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). ढगाळ दिवशी बाहेर १० ते २० हजार. नीट उजळलेल्या कचेरीत ३०० ते ५००. वाचायला तेवढे भरपूर होतात. मोबाइलमध्ये लक्स मोजणारं ॲप घ्या, अचूक नसतं पण अंदाज येतो. खिडकीच्या तावदानाशी मोजा, मग एकेक पाऊल मागे या आणि आकडा वाचा.

नवी_माळीण
मोजलं!!
तावदानाशी ४,२००. एक पाऊल मागे १,६००. खोलीच्या मध्यावर ४५०. कपाटावर, रोपांच्या जागी, १३०.
बाहेरच्या ट्रेपाशी ७८,०००.
मी दोनदा मोजलं, मला वाटलं फोन बिघडला.

आळशी_माळी
फोन बरा आहे. कपाट बिघडलंय.

बीजपत्र
१३० लक्सवर टोमॅटो दिवसभरात जेवढं कमावतो त्यापेक्षा जास्त श्वसनात घालवतो. कमाई आणि खर्च बरोबर जुळतात त्या उजेडाला भरपाई-बिंदू म्हणतात. उन्हाळू झाडांचा तो सावलीतल्यांपेक्षा कितीतरी वर असतो. त्याच्या खाली झाड रोज थोडंथोडं दिवाळखोरीत जातं, मग खत घाला, गाणी ऐकवा.

हिरवाकंद
मी दिवा वापरते. खोलीत एलईडीखाली रोपं करते, तीन वर्षं झाली. दिवा रोपापासून २०-३० सेंमीवर, रोज १४ तास. लोक दिवा छताला लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो. आणि दिव्यात निळा भाग हवा, निळ्याने खोड आखूड आणि दणकट राहतं.

निवडुंग_नको
जांभळे दिवे घेऊ नका. झाडाला चालतात, पण त्या उजेडात पानाचा पिवळेपणा, कीड, काही म्हणजे काही दिसत नाही. साधा पांढरा घ्या.

हिरवाकंद
+१. माझ्याकडचा जांभळा आता कोनाड्यात धूळ खातोय.

पंखा_लावा
माझ्या ओळखीतले एक काका रोपांवरून रोज सकाळी हात फिरवतात. हसत होतो, पण त्यांची रोपं खरंच बुटकी आणि जाड असतात.

बीजपत्र
काका बरोबर आहेत. स्पर्शाने, वाऱ्याने खोडाची लांबी कमी होते आणि जाडी वाढते. पण ते उजेडाच्या बदली चालत नाही, उजेडाच्या जोडीला चालतं.

नवी_माळीण
आता शेवटचं. ही रोपं वाचतील का? लगेच उचलून उन्हात ठेवू?

खुरपं
नको!! एकदम उन्हात ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरे चट्टे पडतील. सावलीतलं पान पातळ असतं, ऊन पेलायची तयारी त्यात नसते. पहिले दोन दिवस खिडकीशी, मग सकाळचं कोवळं ऊन एक तास, मग दोन, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात.

पाणी कमी करा. अंधारात झाड फारसं पाणी पीत नाही, माती ओली राहून मूळ कुजतं. आडवी झालेली बुंध्याशी काळी आणि चिमटलेली असतील तर ती बुरशी आहे, फेकून द्या.

कुंडीत_कुंडी
टोमॅटोच आहेत हे तुमचं नशीब. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलं की मुळं फुटतात. नव्या कुंडीत दोन पानांपर्यंत खोल पुरा, लांबडं खोड सगळं मातीखाली. बाकी बहुतेक रोपांना हे करू नका, बुंधा कुजतो.

गवतफुला
आणि जी लांबी झाली ती झाली. ऊन मिळाल्यावर जुनं खोड आखूड होत नाही, फक्त पुढची पेरं जवळजवळ येतात. माझ्याकडे एक गुबगुबीत पानांचं रोप आहे, गुलाबाच्या आकाराचं. एक हिवाळाभर आत राहिलं आणि त्याचा पार जिना झाला. शेवटी शेंडा कापला, जखम दोन-तीन दिवस वाळू दिली, पुन्हा रुजवला. उरलेल्या दांडीवर बाजूने पिल्लं आली.

नवी_माळीण
(तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

कपाटावरच्या चोवीस रोपांपैकी नऊ गेली. सहा बुंध्याशी काळी होती, फेकली. तीन खिडकीशी आणताना मोडली, माझ्याच हातून. उरलेल्या पंधरांपैकी एक सोडून बाकी कुंडीत_कुंडी यांनी सांगितलं तसं खोल पुरली. पंधरांतली तेरा आहेत. उन्हातल्या पहिल्या ट्रेपेक्षा अजूनही मागे आहेत, पण खोड आता पेन्सिलीच्या शिशाएवढं तरी झालंय. ते एक मुद्दाम न पुरता काठीला बांधून ठेवलंय. खाली पंधराएक सेंमीचं नागडं पिवळट खोड आणि त्यावर पेरं एकदम जवळ, पानं गर्द. कुठल्या तारखेला खिडकीशी आणलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

आणि मूग केले. मोजून नाही, मूठभर. बुटांच्या खोक्यात ओल्या फडक्यावर, पाच दिवस झाकण उघडलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी आठला उघडलं. सगळे पांढरे देठ एका उंचीचे, वर प्रत्येकाची मान खाली घातलेली, पिवळी पानं हात जोडल्यासारखी मिटलेली. खोकं खिडकीशी ठेवलं आणि घरातली कामं करता करता दर तासाला येऊन बघत होते. अकरापर्यंत काही नाही. दोनच्या सुमाराला पिवळ्यात पोपटी झाक, आधी वाटलं भास आहे, म्हणून एक कोंब कपाटातच ठेवला होता तो शेजारी धरला. भास नव्हता. संध्याकाळी सहाला बऱ्याच माना अर्ध्या वर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उठून बघितलं तर सगळे सरळ, पानं उघडी, हिरवी.

मुलगी म्हणाली, आई, हे सगळे आपल्याकडे बघतायत.

आळशी_माळी
खिडकीकडे बघत होते. तुम्ही मध्ये उभ्या होतात.

तराजू
छान. पण मोजले असतेत तर बरं झालं असतं.